सार्वजनिक काकांचं दुकान

पुण्याला लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी लक्ष्मी रस्त्यावर साड्या, मग कुठंतरी बसून चहा, आणि शेवटी पाय आपोआप वळतात ते तुळशीबागेकडे. तिथं साड्यांसारखा मोठा खर्च नसतो, पण वेळ मात्र तिथंच जास्त जातो. पोह्यांचा डबा, रव्याचा डबा, मसाल्याचं पाळं, गाळणी, किसणी, चिमटा, झाऱ्या... हातात घ्यायचं, झाकण दाबून बघायचं, भाव विचारायचा, नाक मुरडायचं, दोन पावलं पुढं जायचं आणि पुन्हा मागं यायचं! आता तर गावोगावी एकाच भावात कोणतीही वस्तू देणारी दुकानं झाली आहेत, मोठमोठी सवलतीची दुकानं झाली आहेत. सहा डब्यांवर दोन डबे फुकट. बाई पिशवी भरून घरी येते आणि स्वस्तात काम झालं म्हणून खूश होते.

मीही होते. फक्त चार महिन्यांनी झाकणाला चीर जाते, साखरेला मुंग्या लागतात आणि मग पुन्हा नवे डबे. तेव्हा वाटतं, हे स्वस्त म्हणायचं की महाग? आणि तो डबा बनवला कुणी, त्याला काय मिळालं, हे तर आपल्या मनातही येत नाही.

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका माणसाला पडला होता. नुसता पडला नाही, तर त्यानं त्यापायी अंगावरचे कपडे बदलले, घरातल्या वस्तू बदलल्या, पदरचे पैसे घातले आणि चक्क दुकानं काढली. त्या माणसाचं नाव गणेश वासुदेव जोशी. पण या नावानं त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. अख्खं पुणं त्यांना ओळखायचं ते सार्वजनिक काका म्हणून.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात आपण हे नाव एका ओळीत वाचलेलं असतं. सार्वजनिक सभा, १८७०, बस्स. पण आपल्या स्वयंपाकघराशी, आपल्या बाजारहाटाशी त्यांचा किती जवळचा संबंध आहे, ते त्या ओळीत येत नाही.

काकांचा जन्म साताऱ्याचा, १८२८ सालचा. पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. घरची परिस्थिती बेताची. विशीच्या उंबरठ्यावर, १८४८ मध्ये, ते नोकरीसाठी पुण्यात आले. याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली होती. म्हणजे काका पुण्यात आले तेव्हा शहरात जुनं आणि नवं यांची घुसळण नुकतीच सुरू झाली होती.

आधी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली. पण साहेबापुढं मान तुकवण्याचा स्वभाव नव्हता. नोकरी सुटली. मग नेटानं कायद्याचा अभ्यास केला आणि १८६५ च्या सुमाराला ते वकील झाले. वकिली चांगली चालली. हातात चार पैसे खुळखुळू लागले. एखाद्यानं वाडा बांधला असता, बायकोला पाटल्या केल्या असत्या आणि सुखानं आयुष्य काढलं असतं. काकांनी मात्र लोकांच्या भानगडी अंगावर घ्यायला सुरुवात केली!

त्यातली पहिली मोठी भानगड पर्वतीची. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही, अशी लोकांची तक्रार होती. पण तक्रार करायची कुणी आणि कुणाकडे? चार माणसं कुरकुरली तर सरकार कशाला ऐकेल? काकांनी मार्ग काढला. तक्रार करणाऱ्यानं आपण कितीजणांच्या वतीनं बोलतो आहोत, ते आधी कागदावर दाखवायचं. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. सहा हजार लोकांच्या सह्या घेऊन ९५ प्रतिनिधी निवडले गेले. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले आणि काका चिटणीस. मतदान हा शब्दही ज्या काळी सामान्य माणसाला माहीत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून पंधरा वर्षं अवकाश होता.

सभेचं काम काकांनी इतकं अंगाला लावून घेतलं, की लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणू लागले. माणूस ज्या कामात बुडतो, त्याचंच नाव त्याला चिकटतं, ते असं.

सभेच्या कामानिमित्त खेड्यापाड्यांतली गाऱ्हाणी काकांच्या कानावर येऊ लागली. त्या वेळी काय चाललं होतं, ते थोडं समजून घ्यायला हवं. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला विलायती माल थेट पुण्यात येऊ लागला. आपल्याकडचा कापूस इथून जहाजानं इंग्लंडला जायचा, तिथल्या गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं आणि तेच कापड परत येऊन आपल्या पेठांत विकलं जायचं. यंत्रावर विणलेलं, तलम, आणि मागावरच्या कापडापेक्षा स्वस्त! मग कोण घेणार गावच्या कोष्ट्याचं लुगडं? माग बंद पडू लागले. तिकडं अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच खाली आला आणि शेतकरी सावकाराच्या कचाट्यात सापडला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, ती या सगळ्याची परिणती.

आपल्या घरातल्या वस्तूंचं काय होत होतं? तोवर स्वयंपाकघरातलं जवळजवळ सगळं आसपासच तयार व्हायचं. पाण्याचे हंडे आणि पितळेचे डबे तांबट आळीतून, सुपं-टोपल्या बुरूड आळीतून, रांजण आणि उतरंडीची मडकी कुंभारवाड्यातून. या वस्तू एकदा घेतल्या की वर्षानुवर्षं चालायच्या. डब्याला पोचा आला तर ठोकून मिळायचा, कल्हई उडाली तर कल्हईवाला दारात यायचा. अगदीच फुटलं-तुटलं तर पितळ मोडीत घालून त्याचे पैसे यायचे. घेणारी आणि बनवणारा एकमेकांना तोंडओळखीनं तरी माहीत असायचे. विलायती माल आला तशी ही ओळख तुटू लागली. वस्तू दुकानात दिसायची, पण ती कुठल्या हातातून आली ते दिसेनासं झालं.

काकांना हे दिसत होतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेला त्यांच्यासारखा अर्थशास्त्र जाणणारा माणूस मिळाला. देशी व्यापार का बुडतो, यावर रानड्यांनी पुण्यात व्याख्यानं दिली. रानडे समजावून सांगत, आणि काका करून दाखवत. दोघांची जोडी अशी जमली.

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी शपथ घेतली, की यापुढं आपण स्वतः कातलेल्या सुताची खादीच वापरणार. आणि ही शपथ त्यांनी मरेपर्यंत पाळली. आज आपल्याला खादी म्हटलं की गांधीजी आठवतात. पण या वेळी गांधीजी दोन-अडीच वर्षांचे होते! कोर्टात उभं राहायचं, अशिलांशी बोलायचं, साहेबांना भेटायचं ते याच जाड्याभरड्या कपड्यांत. चारचौघांत हसं झालं नसेल असं कसं म्हणावं? पण काकांनी त्याची पर्वा केली नाही.

इथवरची गोष्ट एका निग्रही माणसाची झाली. असे शपथा घेणारे पुष्कळ असतात. काकांचं वेगळेपण पुढं आहे. त्यांच्या लक्षात आलं, की मी एकट्यानं खादी घालून काय होणार? लोकांना देशी वस्तू घ्या म्हणून सांगायचं, तर ती वस्तू तयार व्हायला हवी, जवळच्या दुकानात मिळायला हवी आणि खिशाला परवडायला हवी. ज्या घरात महिन्याचे पैसे मोजून पुरवायचे असतात, तिथं नुसत्या उपदेशानं विलायती साबण जाऊन देशी साबण येत नाही. हे ज्याला कळलं, त्याला संसार कळला असंच म्हणायला हवं!

म्हणून त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आपल्याकडं तयार व्हाव्यात म्हणून कारागिरांना हुरूप दिला. यादी पाहा कशी आहे. यात चैनीचं काही नाही. पावसाळ्यात छत्री लागणारच, पोराला शाळेत शाई लागणारच, दिवेलागणीला उजेड लागणारच. घरातली बाई ज्या गोष्टी टाळू शकत नाही, नेमक्या त्याच त्यांनी हाती घेतल्या. या कामात त्यांनी स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतली. वकिलीत मिळवलेलं या उद्योगांत घातलं. आग्र्याला कापडाची गिरणी निघाली, तिलाही त्यांची प्रेरणा होती.

आणि मग माल विकायला दुकानं काढली. पुण्यात, साताऱ्यात, मुंबईत, नागपुरात, अगदी सुरतेतसुद्धा. ही दुकानं सहकारी तत्त्वावर होती. आज आपल्याला सहकार म्हटलं की साखर कारखाना नाहीतर पतपेढी आठवते. पण आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा झाला तो १९०४ मध्ये. काकांची दुकानं त्याच्या तीसेक वर्षं आधीची. तिकडं इंग्लंडमध्ये रॉचडेल गावच्या विणकरांनी आणि इतर कामगारांनी १८४४ मध्ये असंच एक दुकान काढलं होतं. पीठ, लोणी, साखर, ओटचं धान्य आणि मेणबत्त्या, एवढाच माल होता त्यांच्याकडं. अठ्ठावीस जणांनी थोडे थोडे पैसे घालून सुरू केलेल्या त्या दुकानातून पुढं जगभरची ग्राहक चळवळ उभी राहिली. विचार साधाच आहे. पुष्कळांनी मिळून थोडे थोडे पैसे घालायचे, माल थेट बनवणाऱ्याकडून आणायचा, चोख मापानं आणि रास्त भावानं विकायचा. मधल्यामधे जे गळतं, ते वाचवायचं. मग बनवणाऱ्याचं पोट मारावं लागत नाही आणि घेणारीचा पदरही फाटत नाही.

सवलतीचं दुकान म्हणजे हेच नाही का? फक्त ती सवलत कुणाच्या खिशातून येते, एवढाच फरक.

काकांची गोष्ट एकट्या काकांची नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं. नवरा घराबाहेर शपथा घेतो, पण त्या पाळायच्या असतात घरात. विलायती वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही असं ठरलं, की दिवाबत्तीपासून कपडालत्त्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा विचार घर चालवणारीलाच करावा लागला असणार. घरात सतत माणसांचा राबता, सभेची कामं, आणि वकिलीचे पैसे आले तसे दुकानांत चाललेले. हे सगळं ज्या बाईनं निभावलं, ती काही नुसती निभावत बसली नाही. १८७१ च्या सुमाराला सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्रीविचारवती नावाची संस्था सुरू केली. सगळ्या जातींच्या बायकांना एकत्र हळदीकुंकवाला बोलवायचं आणि त्या निमित्तानं चार विचारांची देवाणघेवाण करायची, असं तिचं काम होतं. त्या काळी कुणी कुणाच्या घरी पाणी प्यायचं, याचेही कडक नियम होते. अशा वेळी सगळ्यांना एकाच हळदीकुंकवाला बोलवायचं म्हणजे केवढं धाडस!

आणि हळदीकुंकूच का, तेही समजतं. सभेला जायला बाईला घरून परवानगी मिळाली नसती. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार? काकांनी पुरुषांना सह्या करायला लावलं आणि सरस्वतीबाईंनी बायकांना घराबाहेर काढलं. दोघांच्या कामाची जात एकच होती.

१८७६ ला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. सार्वजनिक सभेनं गावोगाव माणसं पाठवून खरी परिस्थिती गोळा केली आणि सरकारपुढं मांडली. लोक अन्नान्न करत असतानाच १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटननं प्रचंड दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचं होतं. राजेमहाराजे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते पांढऱ्या खादीत. जरीच्या आणि किनखापाच्या गर्दीत हातानं कातलेल्या सुताचा तो साधा पोशाख. सभेच्या वतीनं त्यांनी मानपत्र दिलं आणि त्यातून हिंदी लोकांना बरोबरीचे हक्क मिळावेत अशी मागणी मांडली.

आणखी दोन वर्षांनी त्यांची खरी परीक्षा झाली. वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ मध्ये पकडून पुण्यात आणलं गेलं. राजद्रोहाचा खटला. फडक्यांची बाजू घ्यायची म्हणजे सरकारचा रोष ओढवून घ्यायचा. वकील मागं सरत होते. पन्नाशी ओलांडलेले काका मात्र फडक्यांचे वकील म्हणून कोर्टात उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, ते पुढं एडनच्या तुरुंगात वारले. खटल्यात यश येणार नाही हे काकांसारख्या मुरलेल्या वकिलाला कळत नव्हतं थोडंच? पण माणसाला एकटं सोडायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

वर्षभरातच, २५ जुलै १८८० रोजी, काकांचं निधन झालं. वय अवघं ५२.

त्यांची दुकानं आज नाहीत. विलायती गिरण्यांपुढं त्या मूठभर दुकानांचा टिकाव लागणं कठीणच होतं. मग काकांचं सगळं वाया गेलं का? १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर लोकमान्य टिळकांनी स्वदेशीची हाक दिली, तेव्हा महाराष्ट्राला ती नवी वाटली नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पुढं १९१६ मध्ये औंध संस्थानात, कराडजवळ, ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आज्या-पणज्यांच्या घराघरांत लागला. त्यांना जागा देणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सार्वजनिक सभेच्या पहिल्या अध्यक्षांचेच चिरंजीव! काकांनी ज्या वाटेवर पहिला दगड ठेवला, तिच्यावर पुढं मोठे कारखाने उभे राहिले.

आणि दुकानाचं म्हणाल, तर तोही धागा तुटला नाही. १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू झाली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीनं घरांचे गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायची पद्धत रुजवली. आज गावोगावचे बचत गट पापड, मसाले, पिशव्या करतात, आणि काही ठिकाणी दिवाळीचा रवा-मैदा-तेल एकदम घाऊक आणून वाटून घेतात. दहा घरांनी मिळून एक पोतं आणलं की भाव पडतो, हे गणित कोणत्याही बाईला शिकवावं लागत नाही.

मग आता तुळशीबागेत जायचं नाही का? छे हो! मुळीच तसं नाही. काकांनीही कुणाला महाग घ्या म्हणून सांगितलं नाही. उलट बनवणाऱ्याला पुरेल आणि घेणारीला परवडेल असा भाव निघावा, म्हणून तर त्यांनी दुकानं काढली. ज्या घरात महिनाअखेरीला डब्याच्या तळाशी हात जातो, तिथल्या बाईला स्वस्त वस्तू घेतली म्हणून कुणी बोल लावू नये. पण दहा वस्तू घेताना त्यातल्या दोन तरी नीट विचार करून घेता येतात. तीन वर्षांत चार वेळा प्लॅस्टिकचा डबा बदलण्यापेक्षा एकदाच स्टीलचा घेतला तर शेवटी कोणता स्वस्त पडला, याचा हिशेब मांडता येतो. सूप आणि टोपली आठवडी बाजारात बसलेल्या बुरुडाकडून घेता येते, माठ कुंभाराकडून. आणि त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना, मोठ्या दुकानात आपण छापील किमतीवर एक शब्दही न बोलता पैसे देतो, हेही आठवायला हरकत नाही!

पुढच्या वेळी डब्याचं झाकण दाबून बघाल, तेव्हा खादीतल्या त्या वकिलाची आणि त्याचं घर सांभाळणाऱ्या सरस्वतीबाईंची आठवण ठेवा. पुण्याच्या बाजारात उभं राहून त्यांनी जो हिशेब मांडला होता, त्याची वही अजून मिटलेली नाही. ती आता आपल्याच हातात आहे.